शंभर किलोंवर अडलेल्यांसाठी: ‘फाइव्ह-थ्री-वन’ कार्यक्रमाचे परीक्षण

मी ४३ वर्षांचा आहे, डोंबिवलीत राहतो, नोकरीसाठी रोज लोकलने मुंबई गाठतो आणि जवळजवळ तीन वर्षांपासून आठवड्यातून तीन-चार वेळा वजने उचलतो. यातले पहिले दहा महिने सरळ गेले. नंतरचे नऊ महिने माझा स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर रॉड घेऊन काढायची बैठक, शंभर किलोंवर अडून राहिला आणि त्यानंतरचे चौदा महिने मी ‘फाइव्ह-थ्री-वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमावर आहे. हे परीक्षण त्या चौदा महिन्यांचे आहे. कार्यक्रम मूळचा अमेरिकन. जिम वेंडलर या माजी पॉवरलिफ्टरने तो २००९ साली पुस्तकरूपाने बाजारात आणला आणि त्यातला सगळा हिशेब पौंडांत आहे. त्यामुळे तो कागदावर कसा दिसतो यापेक्षा आपल्याकडच्या जिममध्ये, आपल्याकडच्या प्लेटांवर आणि आपल्याकडच्या दिनक्रमात कितपत बसतो, याकडे मी अधिक लक्ष दिले आहे.

आधी हा कार्यक्रम कोणासाठी आहे ते सांगायला हवे, कारण ‘इंटरमीडिएट’ (नवशिक्याच्या पुढच्या पायरीवरचा) हा शब्द जिममध्ये फार सैल वापरला जातो. पाच वर्षे जिमला जाणारा माणूसही ताकदीच्या हिशेबाने नवशिका असू शकतो आणि वर्षभर नेमाने वजन वाढवत गेलेला माणूस पुढच्या पायरीवर पोचलेला असू शकतो. खरी कसोटी एकच आहे: एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत तुमचे वजन अजून वाढते का? नवशिक्याच्या शरीराला दोन दिवसांची विश्रांती पुरते, म्हणून सोमवारी उचललेल्या वजनात बुधवारी अडीच किलो घालता येतात आणि शुक्रवारी पुन्हा अडीच. हा वेग म्हणजे आठवड्याला साडेसात किलो. तो वर्षभर टिकला असता तर माझा स्क्वॉट ३९० किलोंनी वाढला असता. तसे कोणाचेच होत नाही. कधीतरी पाच रेपचा सेट (न थांबता सलग पाच वेळा उचलणे) चारवर थांबतो, माणूस दहा टक्के वजन उतरवून पुन्हा चढू लागतो आणि पुन्हा त्याच आकड्याशी येऊन थांबतो. झोप आणि जेवण ठीक असताना हे दोनदा झाले की समजावे की रोजच्या चढणीचे दिवस संपले. त्याआधी कोणताही ‘इंटरमीडिएट’ कार्यक्रम घेणे म्हणजे फुकट मिळणारी वाढ नाकारणे होय, आणि ही चूक मी आजूबाजूला बरीच पाहतो.

माझ्या बाबतीत ते दोनदा नव्हे, तीनदा झाले. पहिल्यांदा मी आमच्या जिममधल्या ट्रेनरना विचारले. त्यांनी छाती, पाठ, खांदे, पाय असे वार वाटून दिलेला तक्ता हातात ठेवला आणि ‘शरीराला सवय होऊ नये’ म्हणून दर दोन आठवड्यांनी तो बदलायला सांगितले. त्या तक्त्याने घाम भरपूर निघाला, पण आज उचललेले वजन मागच्या महिन्यापेक्षा जास्त आहे की कमी हे समजायला कोणतीही वाट उरली नाही, कारण मागच्या महिन्यात तो व्यायामच नव्हता.

मग मी टेक्सास मेथड घेतली. टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स इथल्या जिममध्ये मार्क रिपटो आणि ग्लेन पेंडले यांच्या हाताखाली ती घडली आणि तिची मांडणी, खरे सांगायचे तर, फार देखणी आहे. सोमवारी पाच रेपचे पाच सेट बऱ्यापैकी जड वजनाने करून शरीर थकवायचे, बुधवारी हलके घ्यायचे आणि शुक्रवारी पाच रेपचा एकच सेट नव्या विक्रमी वजनाने मारायचा. वाढीचा काळ दोन दिवसांवरून आठवड्यावर नेणे हीच तिची युक्ती. अडचण सोमवारची आहे. ९० किलोंचे पाच सेट, प्रत्येक सेटनंतर चार-पाच मिनिटे विसावा, त्यानंतर तितकेच सेट बेंच प्रेसचे (बाकावर उताणे पडून रॉड छातीवरून वर ढकलणे) आणि शेवटी डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभे राहणे), एवढे करायला मला पावणेदोन तास लागत होते. जिममध्ये स्क्वॉटचा रॅक एकच आहे. सकाळी सहाला तो अडवून बसलेल्या माणसाकडे मागे रांगेत उभे असलेले लोक कोणत्या नजरेने पाहतात ते मी नऊ आठवडे अनुभवले. शुक्रवारचा आकडा १०५ पर्यंत गेला, पण मित्राने मोबाइलवर काढलेल्या चित्रफितीत दिसले की माझ्या मांड्या जमिनीला समांतरही होत नव्हत्या. पूर्ण खाली बसून केलेला सेट पुन्हा शंभरावरच येऊन ठेपला. विशी-पंचविशीतल्या, खाऊन-झोपून उरलेल्या वेळात व्यायाम करणाऱ्या मुलाने ही पद्धत अवश्य करावी. सोमवारचा तो मारा पचवून मंगळवारी गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहायचे असेल तर मात्र दोनदा विचार करावा. बिल स्टार यांच्या जुन्या पाच-बाय-पाचवरून बेतलेला मॅडकाऊ हा कार्यक्रमही मी वाचून पाहिला. त्यात आठवड्याची वाढ ठरलेली आहे आणि एखादा आठवडा हुकला की पुढचे सगळे आकडे विस्कटतात, म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही.

फाइव्ह-थ्री-वनमध्ये मुख्य व्यायाम चारच आहेत: स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट आणि उभ्याने डोक्यावर उचलायचा प्रेस. आठवड्याचे चार दिवस, प्रत्येक दिवसाला एक मुख्य व्यायाम. पहिल्या आठवड्यात ६५, ७५ आणि ८५ टक्के वजनाने पाच-पाच रेप, दुसऱ्यात ७०, ८० आणि ९० टक्क्यांनी तीन-तीन, तिसऱ्यात ७५, ८५ आणि ९५ टक्क्यांनी अनुक्रमे पाच, तीन आणि एक. चौथा आठवडा ४० ते ६० टक्क्यांचा, म्हणजे विश्रांतीचा, ज्याला डीलोड म्हणतात. प्रत्येक दिवसाच्या शेवटच्या सेटला लिहिलेली संख्या किमान समजायची आणि शक्य असतील तितके जास्त रेप काढायचे. एक चक्र संपले की हातांच्या दोन व्यायामांत पाच पौंड आणि पायांच्या दोन व्यायामांत दहा पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण अडीच आणि पाच किलो वाढवायचे. एवढाच कार्यक्रम आहे. पाठकोऱ्या कागदावर मावतो.

खरी गोम टक्केवारीत नसून ती कशाची काढायची यात आहे. वेंडलर यांचे म्हणणे असे की तुमच्या खऱ्या कमाल वजनाचे नव्वद टक्के घ्या, त्याला ‘ट्रेनिंग मॅक्स’ म्हणा आणि पुढचे सगळे टक्के त्या कमी केलेल्या आकड्यावर लावा. कमाल वजन प्रत्यक्ष उचलून पाहण्याचीही गरज नाही: जे वजन जितक्या वेळा उचलले त्या दोन संख्यांचा गुणाकार करून तिसाने भागायचे आणि आलेली संख्या मूळ वजनात मिळवायची. शंभर किलो पाच वेळा म्हणजे पाचशे भागिले तीस, सुमारे साडेसोळा. म्हणून माझे अंदाजी कमाल ११६.५ किलो आणि त्याच्या नव्वद टक्के म्हणजे १०५. आता पहिल्या महिन्याचे सर्वांत जड वजन पाहा: १०५ चे ९५ टक्के, म्हणजे शंभर. ज्या शंभर किलोंशी मी नऊ महिने झुंजत होतो ते वजन हा कार्यक्रम मला तिसऱ्या आठवड्याच्या शेवटच्या सेटला, तेही एकदाच उचलायला सांगत होता. पहिल्या दिवशी तर रॉडवर जेमतेम ६७.५ किलो होते. शेजारी बायसेप मारणाऱ्या मुलाने कानातले हेडफोन काढून विचारले, “काका, कंबर धरली का?”

माझ्या मते या कार्यक्रमाचा सगळा मोठेपणा या एका गोष्टीत आहे आणि तो सोडून देण्याचा मोहही नेमका इथेच होतो. अडलेला माणूस अडतो त्याचे कारण बहुतेक वेळा तो रोज आपल्या कमाल ताकदीच्या काठावर व्यायाम करत असतो. तिथे एक रात्र झोप कमी झाली तरी सेट फसतो, आणि फसलेला सेट वाढ देत नाही, नुसता थकवा देतो. दहा टक्के खाली उतरल्यावर वाईट दिवसांसाठी जागा राहते. पाच तास झोपून आलेल्या दिवशीही किमान रेप निघतात, कागदावर ‘झाले’ अशी खूण होते आणि चक्र पुढे सरकते. चांगल्या दिवशीचे अतिरिक्त रेप त्या शेवटच्या खुल्या सेटमध्ये निघतात. म्हणजे हा कार्यक्रम तुमचा वाईट आठवडा गृहीत धरून आखलेला आहे, आणि नोकरी-संसार असलेल्या माणसासाठी कार्यक्रम निवडताना मी आता सर्वांत आधी हेच पाहतो. वेंडलर यांनी पुढे नव्वदऐवजी ८५ टक्क्यांवर सुरुवात करण्याचा सल्ला दिला. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्याने तो निमूटपणे ऐकावा.

खुल्या सेटचा हिशेबही त्याच सूत्राने ठेवता येतो आणि तो मला फार आवडला. ९० किलो नऊ वेळा उचलले तर अंदाजी कमाल ११७ येते. ९५ किलो सात वेळा उचलले तरीही ११७ च. वजन वेगळे, कामगिरी तीच. त्यामुळे दर आठवड्याला वेगळे वजन असूनही आपण पुढे जातो आहोत की जागच्या जागी आहोत हे वहीत स्पष्ट दिसते. माझ्या पहिल्या चक्रात ९० किलोंचे आठ, ९५ चे सहा आणि तिसऱ्या आठवड्यात शंभराचे सहा रेप निघाले. नऊ महिन्यांत शंभराचा सहावा रेप मी पाहिला नव्हता. तो निघाला तेव्हा त्या आठवड्यात मी मागच्या वर्षाच्या मानाने निम्म्याहून कमी जड सेट मारले होते, हे विशेष. सूत्राची एक मर्यादा ध्यानात ठेवावी: दहा-बारा रेपच्या पुढे गेले की ते फुगवून सांगते आणि त्या आकड्यावर ट्रेनिंग मॅक्स ठरवला तर दुसऱ्याच चक्रात दमछाक होते. खुला सेट म्हणजे मरेस्तोवर नव्हे, हेही नीट समजून घ्यावे. माझे मामा तरुणपणी सांगलीकडे तालमीत जात; बैठका मोजताना ते आम्हा भाच्यांना “दम शिल्लक ठेवून ऊठ” असे बजावत. मी एक रेप शिल्लक ठेवून रॉड रॅकवर ठेवतो, तो त्याच हिशेबाने.

आता प्लेटांकडे वळू, कारण आपल्याकडे या कार्यक्रमाची खरी परीक्षा तिथे होते. आमच्या जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोंची आहे. दोन बाजूंना दोन म्हणजे लहानात लहान उडी पाच किलोंची. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला हे खपते, कारण १०५ किलोंच्या हिशेबात अडीच किलो इकडे-तिकडे झाले तर फारसे बिघडत नाही. प्रेसचे मात्र सगळे गणित कोसळते. माझा प्रेसचा ट्रेनिंग मॅक्स ४७.५ किलो होता. दुसऱ्या आठवड्याचे ९० टक्के म्हणजे ४२.७५ आणि तिसऱ्या आठवड्याचे ९५ टक्के म्हणजे ४५. वीस किलोंच्या रॉडवर अडीचच्या प्लेटांनी एकतर ४० होतात किंवा ४५. मी ४५ लावले आणि दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्याचे शेवटचे वजन एकच झाले. कार्यक्रमाचा चढ सपाट झाला आणि तिसरा आठवडा आठ दिवस आधीच येऊन गेला. शिवाय चक्राअखेर अडीच किलो वाढवायचे म्हटले तर ते वाढवायचे कशाने?

उपाय स्वस्त आहे. व्यायामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून मी सव्वा किलोच्या दोन प्लेटा घेतल्या. त्या जिमच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळून नेतो, कारण एकदा रॅकवर विसरलो तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या कोणाच्या तरी डंबेल प्रेसच्या बाकाखाली पाय टेकवायला लावलेल्या सापडल्या. दहाच्या प्लेटेला ही सव्वाची जोडली की ४२.५ होतात आणि आठवडे पुन्हा वेगळे होतात. घेताना भोक तपासून घ्यावे: साध्या रॉडच्या प्लेटेचे भोक ऑलिम्पिक रॉडच्या जाड टोकावर चढत नाही आणि हे घरी आल्यावर कळले तर एक फेरी वाया जाते.

याच निमित्ताने मी जिममधले रॉडही मोजले. बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहायचे, मग रॉड हातात घेऊन उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. सारखे दिसणारे तीन रॉड निघाले वीस, साडेसतरा आणि पंधराच्या आसपास. म्हणजे ‘आज फार हलके वाटले’ या माझ्या कित्येक दिवसांच्या आनंदाचे कारण ताकद नव्हते. वीसच्या रॉडच्या टोकाला आता मी निळी इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवली आहे. टक्केवारीवर चालणारा कोणताही कार्यक्रम घ्यायचा असेल तर हे काम पहिल्या आठवड्यात उरकावे. रॉडच्या वजनाचा पत्ता नसताना ८५ टक्क्यांना काही अर्थ राहत नाही.

दिनदर्शिकेच्या बाबतीत हा कार्यक्रम समजूतदार आहे. चार दिवस जमत नसतील तर तीन दिवस यायचे आणि चौथा व्यायाम पुढच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी करायचा. व्यायामाचा क्रम पाळायचा, वार नव्हे. जुलैत मुसळधार पावसाने दोन दिवस घराबाहेर पडता आले नाही तेव्हा मी तिसऱ्या दिवशी जिथे थांबलो होतो तिथून पुढे गेलो आणि काहीही विस्कटले नाही. दर चौथ्या आठवड्याचा डीलोड मला मात्र जास्त वाटला. वेंडलर यांनीच नंतर सुचवल्याप्रमाणे मी दोन चक्रे सलग करून सातवा आठवडा हलका ठेवू लागलो आणि तो जमेल तिथे गणपती, दिवाळी किंवा गावच्या लग्नाशी जुळवून घेतो. उकडीच्या मोदकांच्या आठवड्यात ६० टक्के वजन उचलण्यात मला आता कमीपणा वाटत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या जिममध्ये आणखी एक फायदा झाला, जो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसेल. आमच्या खाली दुकाने आहेत आणि डेडलिफ्टच्या आवाजावरून मालकांकडे तक्रारी जातात. या कार्यक्रमात जड डेडलिफ्टचा सेट आठवड्यातून एकच असतो. रबरी मॅट दुहेरी करून, रॉड हाताने सावकाश खाली ठेवून तो उरकता येतो आणि कोणाशी वाद होत नाही.

दोष सांगायचे तर पहिला असा की मूळ सांगाडा फार रोडका आहे. तीन सेट, त्यातला खरा जड एकच. एवढ्यावर स्नायूही भरत नाहीत आणि हालचालीचा सरावही पुरेसा होत नाही. मुख्य सेटनंतर काय करायचे याचे पर्याय लेखकानेच इतके दिले आहेत की निवडता निवडता माणूस पुन्हा त्याच गोंधळात सापडतो ज्यातून सुटायला त्याने कार्यक्रम घेतला. ‘बोरिंग बट बिग’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध पर्याय: मुख्य व्यायामच पुन्हा निम्म्या वजनाने दहा रेपचे पाच सेट. मी तो दोन चक्रे केला. मांड्या भरल्या हे खरे, पण स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी डोंबिवली स्थानकाचा जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता आणि डेडलिफ्टच्या पन्नास रेपनंतर कंबरेला जो ताठा येई तो दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला परवडणारा नव्हता. त्यापेक्षा पहिल्या सेटच्या वजनाने पाच रेपचे पाच सेट, ज्याला ‘फर्स्ट सेट लास्ट’ म्हणतात, तो पर्याय मला मानवला. त्यात हालचालीचा सराव होतो, वजन माफक असते आणि सगळा व्यायाम तासाभरात संपतो. उरलेल्या किरकोळ कामासाठी ढकलण्याचे, ओढण्याचे आणि एका पायाचे किंवा पोटाचे प्रत्येकी पन्नास ते शंभर रेप असा साधा नियम आहे. ढकलण्याच्या जागी मी जोर काढतो. पन्नास जोरांना ना रांग लागते ना बाक, आणि खांद्यांना जो लवचीकपणा त्याने येतो तो मशीनवर बसून आलेला मी तरी पाहिला नाही.

दुसरा दोष वाढीच्या वेगाचा. चक्राला पाच किलो ऐकायला कमी वाटतात, पण वर्षभरात बारा-तेरा चक्रे होतात. त्या हिशेबाने ट्रेनिंग मॅक्स साठ किलोंनी वाढायला हवा आणि तेवढी खरी ताकद चाळिशीतल्या माणसाची वाढत नाही. म्हणजे कार्यक्रमाचा आकडा कधीतरी तुमच्या पुढे धावतो. माझ्या स्क्वॉटचे ते पाचव्या चक्रात झाले: ट्रेनिंग मॅक्स १२५ झाला होता आणि तिसऱ्या आठवड्यात १२० किलोंचे दोनच रेप निघाले. सूत्राने ते १२८ होतात, म्हणजे दहा टक्क्यांची मोकळी जागा कधीच संपली होती आणि मी पुन्हा काठावर आलो होतो. पुस्तकात याची सोय आहे: नव्या अंदाजी कमालाचे पुन्हा नव्वद टक्के घ्या आणि मागून चढा. मी ११५ वर उतरलो आणि त्यानंतर पायांच्या व्यायामांतही अडीचच किलो वाढवत गेलो. हे पहिल्या दिवसापासून केले असते तर बरे झाले असते, असे आज वाटते.

चौदा महिन्यांचा जमाखर्च असा. पाच रेपचा स्क्वॉट शंभरावरून १२० झाला, पूर्ण खाली बसून. डेडलिफ्ट १२५ वरून १४५, बेंच प्रेस ६७.५ वरून ७५ आणि प्रेस ४५ वरून ५०. प्रेसच्या पाच किलोंना चौदा महिने लागले हे वाचून कोणी हसेल, पण अडीच-अडीच किलोंनी दोनदा आकडा ओलांडताना मला जे वाटले ते प्रेसवर अडलेल्या माणसालाच समजेल. या काळात दुखापतीमुळे एकही आठवडा बुडाला नाही. माझे वजन ७६ वरून ७८ झाले. जेवणात अंडी आणि पनीर वाढवण्यापलीकडे मी काही केले नाही.

ज्यांचे वजन अजून दर आठवड्याला वाढते आहे त्यांनी हा कार्यक्रम घेऊ नये. त्यांचे पुढचे तीन महिने यात वाया जातील. ज्यांना चार-सहा महिन्यांत पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचे आहे त्यांनाही आठवड्यातून एकदाच स्क्वॉट आणि एकदाच बेंच पुरणार नाही. निव्वळ शरीर भरण्याची इच्छा असेल तर अधिक सेटांचे दुसरे कार्यक्रम बरे. आणि ज्यांना वही ठेवण्याचा कंटाळा आहे त्यांनी तर टक्केवारीच्या नादालाच लागू नये, कारण मागचे रेप लिहिलेले नसतील तर खुल्या सेटला कशाशी स्पर्धा करायची?

पुस्तक विकत घ्यावे का, हा शेवटचा प्रश्न. मूळ कार्यक्रम वर सांगितला तेवढाच आहे आणि तो इतका सर्वत्र पसरला आहे की पुस्तकाशिवायही करता येतो. तरी मी ते घेतले आणि पश्चात्ताप झाला नाही. हजार पौंडांचा, म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपासचा स्क्वॉट स्पर्धेत केलेला माणूस, ते सगळे सोडल्यावर स्वतःसाठी आखलेल्या कार्यक्रमात हलक्या वजनापासून सुरुवात करायला पुन्हा पुन्हा का सांगतो, हे त्याच्याच शब्दांत वाचले की पहिल्या दिवशी रॉडवर ६७.५ किलो लावताना हात कचरत नाही. भाषा रांगडी आहे, पौंडांचे किलो आपले आपण करावे लागतात आणि स्त्रियांनी किंवा कमी वजन उचलणाऱ्यांनी लहान उड्या कशा घ्याव्यात यावर फार थोडे आहे. माझी पत्नी गेल्या चार महिन्यांपासून हाच कार्यक्रम करते. तिच्या प्रेसला पहिल्या आठवड्यात रिकामा वीसचा रॉडही जड होता, म्हणून तिने पंधराचा रॉड घेतला आहे आणि त्याच्या टोकाला लाल टेप लावली आहे. सव्वाच्या प्लेटांची जोडी आमच्यात एकच असल्याने प्रेसचे वार आम्ही वेगवेगळे ठेवले आहेत.